लॉगिन कुठून झालं ते सोडा, आत येऊन केलं काय ते बघा

मागच्या अंकात एका उत्तरात मी ओझरतं लिहिलं होतं की फ्रॉड डिटेक्शन सॉफ्टवेअरसमोर बसून संशयास्पद लॉगिन सेशन (म्हणजे लॉगिन केल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा सगळा वावर) तपासणं हे बरीच वर्षं माझं रोजचं काम होतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की बाकीचे विषय सरळ पुढच्या महिन्यावर ढकललेत. काही पत्रं या कामात असलेल्यांची आहेत, काही ज्यांचं अकाउंट गेलं त्यांची. नावं कुणाचीच छापत नाहीये, आणि दोनतीन पत्रं फार लांब होती ती थोडी कापलीत, राग मानू नका.

प्रश्न: ताई, तीन आठवड्यांपूर्वी फ्रॉड टीममध्ये जॉइन झालोय. रोज क्यूमध्ये दीडशेच्या वर अलर्ट असतात. परवा एका सेशनचा धोक्याचा स्कोर ८७ आला, कारण लिहिलेलं 'इम्पॉसिबल ट्रॅव्हल', वीस मिनिटांत दोन वेगळे देश. मी अकाउंट लॉक केलं. तर ते खरंच कस्टमर निघाले, व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्याच ठिकाणाहून फिरवून नेणारी सोय) चालू होतं त्यांचं, आणि नेमकं पेमेंट करताना लॉक झालं म्हणून फोनवर जाम झापलं. टीम लीडरपण बोलले. आता अलर्ट उघडला की हात थरथरतो. आधी नक्की बघायचं काय?

उत्तर: पहिलं म्हणजे, ही चूक सगळ्यांकडून होते. मी केलीय, तुमच्या टीम लीडरनेही केली असणार, फक्त ते आता सांगत नाहीत.

इम्पॉसिबल ट्रॅव्हल हा रूल करतो काय, तर दोन लॉगिनचे आयपी, म्हणजे कनेक्शनचे इंटरनेटवरचे नंबर, घेतो, प्रत्येकाचं ठिकाण अंदाजाने काढतो, मधल्या अंतराला मधल्या वेळेने भागतो, आणि आलेला वेग विमानापेक्षा जास्त असला की घंटा वाजवतो. गणित बरोबरच असतं. पण प्रवास आयपीने केलेला असतो हो, माणसाने नाही. माणूस एकाच खुर्चीत बसून वायफाय बंद करून मोबाइल डेटावर गेला तरी आयपी शेकडो किलोमीटर उडी मारू शकतो कारण मोबाइल कंपनीचं इंटरनेटला जोडणारं गेटवे भलत्याच शहरात असतं. ऑफिसचं व्हीपीएन असेल तर हेड ऑफिसचा देश दिसतो. आणि २०२१ पासून अ‍ॅपलचं प्रायव्हेट रिले आलं, त्यात सफारी वापरणाऱ्याचा खरा आयपी समोरच्या साइटला दिसतच नाही. त्यामुळे हा अलर्ट आला की 'बरं, आता केस उघडू' इतकाच त्याचा अर्थ घ्या, लॉकच्या बटणाशी त्याचा काही संबंध नाही.

स्कोरचंही तसंच. ८७ म्हणजे ८७ टक्के फ्रॉड असा अर्थ बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये नसतो, तो नुसता उतरंडीतला नंबर असतो, ८७ वाला ६० वाल्याच्या आधी बघा एवढंच. म्हणून आकड्याखाली बारीक अक्षरात जी कारणं येतात ती आधी वाचा. दोन ८७ मधला एक नुसत्या व्हीपीएनमुळे वर गेलेला असतो आणि दुसरा नवीन डिव्हाइस, पासवर्ड रीसेट, मग लगेच ईमेल बदल अशा चार गोष्टी एकावर एक चढून.

मी कसं बघायचे ते सांगते. आयपी कुणाचा आहे ते आधी, म्हणजे घरगुती ब्रॉडबँड, मोबाइल कंपनी की सर्व्हर भाड्याने देणाऱ्या होस्टिंगवाल्यांचं डेटा सेंटर. डेटा सेंटर दिसलं की नवीन माणूस उडी मारतो, पण साधं विकतचं व्हीपीएनसुद्धा तिथूनच चालतं. आणि उलट बाजूही आहे, चोर लोक आता दुसऱ्यांच्या घरची कनेक्शनं भाड्याने घेतात, रेसिडेन्शियल प्रॉक्सी म्हणतात त्याला, मग आयपी अगदी सोज्वळ दिसतो, कस्टमरच्याच शहरातला. म्हणजे वाईट आयपीवाला सज्जन आणि चांगल्या आयपीवाला चोर, दोन्ही तुमच्या क्यूमध्ये रोज असणार. म्हणून आयपीवर मी एक मिनिटापेक्षा जास्त वेळ घालवत नसे.

मग डिव्हाइस. हे डिव्हाइस या अकाउंटवर आधी कधी दिसलंय का, किती दिवसांपासून? तुमच्या केसमध्ये दोन्ही देशांतली सेशन्स एकाच जुन्या डिव्हाइसची असतील, आणि सहा महिन्यांचा इतिहास असेल, तर व्हीपीएनच असण्याची शक्यता कितीतरी जास्त. (यालाही एक मोठा अपवाद आहे, तो खाली तिसऱ्या पत्रात.) ब्राउझरचा टाइमझोन आणि भाषा आयपीच्या देशाशी जुळतेय का तेही बघा, पण नुसतं 'जुळत नाही' एवढ्यावर थांबू नका, आधीपासूनच जुळत नव्हतं का ते बघा. ज्याचं गेले ९० दिवस जुळत नाहीये तो व्हीपीएनवालाच आहे, त्याची ती सवय आहे. ज्याचं काल जुळत होतं आणि आज नाही, तो बघण्यासारखा.

आणि मग खरा भाग, जो घाईत सगळे सोडून देतात. आत आल्यावर त्याने केलं काय? मागच्या दहा-बारा सेशन्स उघडून शेजारी ठेवा. हा माणूस एरवी येतो, ऑर्डर बघतो, जातो. आज आला तो थेट प्रोफाइलमध्ये गेला, फोन नंबर बदलला, नोटिफिकेशन बंद केलं, मग पैसे काढायच्या पानावर. नोटिफिकेशन बंद करणं ही मला सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते, खरा मालक ते सहसा एखाद्या कंटाळवाण्या दुपारी करतो, पैसे पाठवायच्या दोन मिनिटं आधी नाही. कधी उलटंही दिसतं, चोर आत येऊन भटकत बसतो, प्रत्येक मेनू उघडून बघतो, कारण त्याला घर माहीत नसतं. घरचा माणूस अंधारातसुद्धा बटण शोधतो, चोराला बॅटरी लागते. आणि पानापानांमधलं अंतर दर वेळी तंतोतंत तेवढंच असेल तर तो माणूस नाहीच, स्क्रिप्ट आहे. पासवर्ड पेस्ट केला याला फार महत्त्व देऊ नका, पासवर्ड मॅनेजर वापरणारे सगळेच तसं करतात. पण स्वतःचं नाव आणि जन्मतारीख कुणी पेस्ट करत असेल तर मी तरी खुर्ची पुढे ओढायचे.

लॉगिनच्या आधीचंही बघा जमलं तर. त्याच आयपीवरून तासाभरात तीनशे अकाउंटवर एक-एक चुकीचा पासवर्ड पडलाय आणि तुमचं अकाउंट त्यातलं एक जे उघडलं, तर दुसरीकडून फुटलेले पासवर्ड इथे लावून बघणं चाललंय. एक अकाउंट उघडून बघितलं तर ते कधीच कळत नाही, त्या आयपीवर क्लिक करून बाजूला गेलं की कळतं.

आणि लॉक किंवा सोडून द्या असे दोनच पर्याय नसतात. सेशन चालू राहू द्या, पण पत्ता, नंबर, पैसे यातलं काही हलवायला गेला की पुन्हा ओळख मागा. तुमच्या त्या कस्टमरला एक जादाचा कोड टाकावा लागला असता, बास, फोनवर ओरडा नसता बसला.

प्रश्न: माझ्या मेलच्या 'अलीकडचे लॉगिन' मध्ये एक असं शहर दिसतंय जिथे मी जन्मात गेलेली नाही. डिव्हाइस मात्र माझ्याच फोनचं नाव दाखवतंय, वेळही मी मेल बघितला तीच. हॅक झालंय का? रात्रभर झोप नाही.

उत्तर: झोपा. वेळ तुमची, डिव्हाइस तुमचं, फक्त शहर परकं, तर बहुतेक शहरच चुकलंय.

आयपीवरून ठिकाण काढणं हे पत्ता शोधणं नाही, तो एका डेटाबेसमधला अंदाज आहे. देश बहुतेक वेळा बरोबर येतो, शहर मात्र बेभरवशाचं. यावरची एक गोष्ट मी प्रत्येक नवीन ट्रेनीला सांगायचे. अमेरिकेत कॅन्सस राज्यात एक शेतघर आहे. त्यातल्या लोकांना वर्षानुवर्षं त्रास, कधी पोलीस दारात, कधी कुणी शिव्या द्यायला, हरवलेली माणसं शोधणारे, चोरीचा माल शोधणारे. का, ते २०१६ मध्ये उघड झालं. मॅक्समाइंड नावाच्या कंपनीच्या डेटाबेसमध्ये ज्या आयपीबद्दल 'अमेरिकेत आहे' यापलीकडे काहीच माहीत नव्हतं त्यांना देशाच्या साधारण मध्यावरचा एक बिंदू दिलेला होता, आणि तो बिंदू पडला होता नेमका त्या घराजवळ. ६० कोटींपेक्षा जास्त आयपी त्या एका ठिकाणी! नकाशावरची टाचणी बघून लोक दारात जात होते. मग कंपनीने तो बिंदू हलवून एका तलावात टाकला.

शिवाय मोबाइल नेटवर्कवर एकच आयपी एका वेळी कितीतरी लोक वापरत असतात, कंपन्यांकडे आयपी कमी आणि ग्राहक जास्त म्हणून. तेव्हा शहर वाचून घाबरू नका. घाबरायचं ते अनोळखी डिव्हाइस दिसलं तर, तुम्ही झोपेत असतानाची वेळ दिसली तर, किंवा सेटिंगमध्ये मेल दुसरीकडे फॉरवर्ड करणारा एखादा रूल दिसला जो तुम्ही बनवलेला नाही. हा शेवटचा आत्ताच जाऊन बघून या, दोन मिनिटांचं काम आहे, आणि ज्यांचं खरंच हॅक झालेलं असतं त्यातले बरेच जण पासवर्ड बदलतात आणि तो रूल तसाच ठेवतात.

प्रश्न: पासवर्ड बदलला, ओटीपी चालू केला, तरी माझ्या अकाउंटवरून मेसेज जातच आहेत. सपोर्टवाले म्हणतात की नवीन लॉगिन दिसतच नाहीये, सगळं तुमच्याच डिव्हाइसवरून आहे. मी वेडा झालोय का?

उत्तर: नाही झालात. वर अपवाद म्हटलं तो हाच.

तुम्ही लॉगिन करता तेव्हा साइट तुमच्या ब्राउझरला एक कुकी देते, त्यात टोकन असतं, म्हणजे जत्रेच्या गेटवर हातावर शिक्का मारतात तसं समजा. नंतर आत-बाहेर करताना कुणी तिकीट मागत नाही, शिक्का बघतात. पासवर्ड आणि ओटीपी हे तिकीट झालं. कुणी तुमचा शिक्काच उचलला तर त्याला तिकीट लागत नाही, म्हणून 'नवीन लॉगिन' दिसतच नाही, तो तुमच्याच चालू सेशनमध्ये येऊन बसलेला असतो.

शिक्का जातो कसा? बहुतेकदा कॉम्प्युटरमध्ये इन्फोस्टीलर, म्हणजे माहिती चोरणारा प्रोग्रॅम, शिरल्यामुळे. फुकटात मिळालेलं महागडं सॉफ्टवेअर, गेमचा क्रॅक, असलं काहीतरी चालवलेलं असतं, ते ब्राउझरमधले पासवर्ड आणि कुकी गोळा करून पाठवून देतं, कधीकधी काही मिनिटांत काम उरकून स्वतःला पुसूनही टाकतं. त्याचा बाजार होता, अगदी दुकान थाटून. जेनेसिस मार्केट नावाचं. एप्रिल २०२३ मध्ये १७ देशांच्या पोलिसांनी मिळून ते बंद पाडलं, कारवाईचं नावच 'ऑपरेशन कुकी मॉन्स्टर'. १५ लाखांपेक्षा जास्त कॉम्प्युटरमधून उचललेला माल तिथे होता, आणि नुसते पासवर्ड नाही, त्या माणसाच्या ब्राउझरचं फिंगरप्रिंटसुद्धा, म्हणजे तो ब्राउझर ओळखू येणाऱ्या बारक्या खुणा, वर एक खास ब्राउझर द्यायचे ज्यात ते भरलं की खरेदीदार हुबेहूब त्या माणसासारखा दिसणार. म्हणून तर मी म्हणते, जुनं डिव्हाइस दिसलं की डोळे मिटून पास करू नका.

आणि हे भोळ्या माणसांनाच होतं असंही नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ मध्ये ओक्टा, म्हणजे ज्यांचा धंदाच मोठ्या कंपन्यांना लॉगिन पुरवणं आहे, त्यांच्या सपोर्ट सिस्टिममध्ये कुणीतरी घुसलं. ग्राहक अडचण आली की ब्राउझरची एक रेकॉर्डिंग फाइल सपोर्टला पाठवतात, हार फाइल म्हणतात, आणि तिच्यात चालू सेशनचं टोकनही जातं हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. १३४ ग्राहकांच्या फाइल्सपर्यंत तो पोचला, त्यातल्या ५ जणांची सेशन्स त्या टोकनवरून ताब्यात घेतली. तुम्हालाही कुणी सपोर्टवाल्याने अशी फाइल मागितली तर पाठवायच्या आधी लॉगआउट करा, निदान ते टोकन तरी मेलेलं असेल.

आता तुमचं. क्रम महत्त्वाचा आहे. ज्या कॉम्प्युटरवर संशय आहे त्यावरून काहीच बदलू नका, नवीन पासवर्डही तिथूनच जाईल. दुसऱ्या स्वच्छ डिव्हाइसवरून आधी 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा' दाबा, कारण नुसता पासवर्ड बदलल्याने चालू सेशन मरतंच असं नाही, काही साइटवर मरतं, काहींवर नाही. मग पासवर्ड, मग रिकव्हरीचा ईमेल-फोन तुमचाच आहे ना ते, मग जोडलेली बाहेरची अ‍ॅप्स, अनोळखी दिसेल ते काढून टाका. आणि हे सगळं ईमेलच्या अकाउंटपासून सुरू करा कारण बाकी सगळ्यांची रीसेट लिंक तिथेच येते. जुना कॉम्प्युटर मी तर सरळ फॉरमॅट मारेन, स्कॅन करून 'काही सापडलं नाही' यावर माझा विश्वास बसत नाही.

फ्रॉड टीमवाल्यांना हे कसं दिसतं तेही लिहून टाकते, दोघांनी विचारलं होतं. एकाच सेशन आयडीवर मध्येच आयपीचं नेटवर्क बदललेलं आणि त्याच वेळी ब्राउझरची व्हर्जन किंवा स्क्रीनचा आकार बदललेला. आयपी बदलणं चालतं, माणूस घरातून बाहेर पडतो. पण चालू सेशनमध्ये स्क्रीन कशी बदलेल? बाहेरचा मॉनिटर जोडला तर बदलेल, ठीक आहे, पण ऑपरेटिंग सिस्टिम बदलली तर त्याला काय उत्तर. आणि दोन ठिकाणांहून एकाच मिनिटाला एकाच टोकनवर क्लिक येत असतील तर मग विचारूच नका, सेशन तोडा. टोकन डिव्हाइसलाच बांधून टाकायचं, म्हणजे चोरून दुसरीकडे नेलं तर चालणारच नाही, असं काम चालू आहे. गूगलने २०२४ मध्ये क्रोमसाठी ते जाहीर केलं, पण सगळीकडे येईपर्यंत आपल्यालाच बघायचंय.

प्रश्न: लॉगमधली वेळ आणि कस्टमर सांगतो ती वेळ कधीच जुळत नाही. कस्टमर खोटं बोलतात का?

उत्तर: लॉग बहुतेकदा यूटीसीमध्ये असतो, म्हणजे जगभरासाठी एकच धरलेल्या प्रमाण वेळेत. स्क्रीनवर कोपऱ्यात कुठेतरी लिहिलेलं असेल. काही सॉफ्टवेअर अर्धं यूटीसीमध्ये आणि अर्धं बघणाऱ्याच्या वेळेत दाखवतात, ती तर शिक्षा आहे. केस नोटमध्ये प्रत्येक वेळेपुढे टाइमझोन लिहायची सवय लावून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी तुमचीच नोट तुम्हाला कळणार नाही. 'पहाटे तीनला लॉगिन, संशयास्पद' असं लिहिलेली केस मी स्वतः बंद केलीय जी प्रत्यक्षात त्या माणसाची सकाळची चांगली ऑफिसची वेळ होती.

प्रश्न: आमच्याकडे दोन गट पडलेत. एक म्हणतो चोर दिसला की सेशन ताबडतोब तोडा, दुसरा म्हणतो जरा वेळ चालू द्या, काय करतो बघू, मग आख्खी टोळी सापडेल. तुमचं मत?

उत्तर: कस्टमरचं अकाउंट असेल तर तोडा. त्यात वादच नाही. दुसऱ्याच्या पैशावर आपण तमाशा बघत बसू शकत नाही.

दुसऱ्या गटाचं म्हणणं कुठून येतं ते मला माहितीये मात्र, आणि ती गोष्ट खरंच भारी आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली लॅबमध्ये क्लिफर्ड स्टोल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला कॉम्प्युटर वापराच्या हिशोबात ७५ सेंटचा फरक दिसला, तो शोधायला सांगितलं. फरकाच्या मागे एक घुसखोर निघाला. स्टोलने काय करावं, ऑफिसभरातले प्रिंटर आणि टर्मिनल उचलून आणून सुट्टीच्या दिवसात बाहेरून येणाऱ्या लाइन्सना जोडले, घुसखोर जे टाइप करेल ते कागदावर छापून यायचं. म्हणजे सेशन रेकॉर्डिंगच की, आपलं आजचं रीप्ले बटण! महिनोन्महिने त्याने त्याला आत राहू दिलं, मग फोन ट्रेस पूर्ण व्हायला वेळ मिळावा म्हणून खोट्या लष्करी फाइल्सचा ढीग रचून ठेवला, तो वाचत बसला, आणि माग निघाला थेट जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत.

पण तिथे कॉम्प्युटर लॅबचा होता, आणि स्टोल लाइनवर बसून होता, काही नाजूक उघडायला गेला की मध्येच खरखर घालून लाइन बिघडवायचा. तुमच्याकडे तसं कोण बसणार? फक्त तोडायच्या आधी सगळं जपून ठेवा. सेशन आयडी, आयपी, डिव्हाइस आयडी, उघडलेली पानं, काय बदललं, आधी तिथे काय होतं आणि नंतर काय. सेशन तोडल्यावर काही सिस्टिममध्ये हा तपशील थोड्या दिवसांत उडतो. आणि टोळी शोधायचीय ना, तर त्याच डिव्हाइसने अजून कुठली अकाउंट उघडली ते शोधा, त्यासाठी त्याला आत ठेवायची गरज नाही.

प्रश्न: एकाच डिव्हाइस आयडीवर आमच्याकडे ४० अकाउंट निघालीत. सगळी बंद करू?

उत्तर: थांबा थांबा. डिव्हाइस आयडी कशावरून काढलाय ते आधी सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा. अ‍ॅपने फोनमध्ये ठेवलेला आयडी असेल तर ४० हा आकडा गंभीर आहे. पण ब्राउझरच्या फिंगरप्रिंटवरून काढलेला असेल तर वेगळी गोष्ट. फिंगरप्रिंट म्हणजे स्क्रीन, फॉन्ट, टाइमझोन, ग्राफिक्स कार्ड चित्र कसं काढतं, असल्या बारक्या खुणांची बेरीज. २०१० मध्ये ईएफएफ या संस्थेने साधारण ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले त्यात ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले होते, आणि तेव्हापासून लोकांना वाटतं फिंगरप्रिंट म्हणजे अंगठ्याचा ठसाच. पण ते मुख्यतः डेस्कटॉपचे दिवस होते. आज एकाच मॉडेलचे, एकाच व्हर्जनचे, एकाच भाषेतले दोन फोन ब्राउझरमधून जवळजवळ जुळ्या भावांसारखे दिसतात. शिवाय लायब्ररीतला कॉम्प्युटर असतो, शिकवणीच्या वर्गातला टॅब असतो, आख्ख्या घराचा एक लॅपटॉप असतो.

४० अकाउंटमध्ये अजून काय सारखं आहे ते बघा. सगळी एका आठवड्यात उघडलेली, ईमेलची रचना सारखी, पैसे शेवटी एकाच ठिकाणी जातात, तर शंका नको. वेगवेगळ्या वर्षांत उघडलेली आणि प्रत्येकाचं वागणं वेगळं, तर तुम्ही लायब्ररी बंद करायला निघाला होतात.

प्रश्न: मी टीमची मॅनेजर आहे. सॉफ्टवेअर विकत घेताना सांगितलं होतं ९९ टक्के अचूक. आता माणसं म्हणतात अलर्टमध्ये शंभरात एखादाच खरा असतो. फसवलं का आम्हाला?

उत्तर: गंमत म्हणजे दोन्ही खरं असू शकतं. समजा दिवसाला १० लाख लॉगिन, त्यात चोराचे १००. सॉफ्टवेअर ९९ टक्के चोर पकडतं, म्हणजे ९९. आणि सज्जनांपैकी फक्त १ टक्का चुकून अडवतं. पण सज्जन आहेत ९ लाख ९९ हजार ९००, त्यांचा एक टक्का म्हणजे जवळपास १० हजार. तर तुमच्या माणसांसमोर दहा हजारांहून जास्त अलर्ट आले आणि त्यात खरे ९९. शंभरात एक! कुणी खोटं बोललं नाही, फक्त तुम्ही विचारायला हवं होतं की अलर्ट आला तर तो खरा असण्याची शक्यता किती, आणि विकणाऱ्यांनी सांगितलं की चोर आला तर पकडण्याची शक्यता किती.

उपाय म्हणजे थ्रेशोल्ड, म्हणजे किती स्कोरच्या वर अलर्ट द्यायचा ती रेषा, वर करून मोकळं व्हायचं असं नाही, त्याने चोरही सुटतात. लॉगिनच्या क्षणी माणसाला अलर्ट दाखवणंच बंद करा, तिथे मशीनलाच जादाचा कोड मागू दे. माणसापर्यंत तीच सेशन्स येऊ द्या ज्यांनी आत येऊन काहीतरी नाजूक हलवलं. ढीग एकदम खाली येतो. आणि तुमच्या लोकांनी 'खोटा अलर्ट' म्हणून बंद केलेल्या केसेस सॉफ्टवेअरकडे परत जातात का ते बघा. बऱ्याच ठिकाणी ते बटण दाबलं जातं आणि पुढे काहीच होत नाही, लिफ्टच्या दार बंद करायच्या बटणासारखं.

प्रश्न: ताई, बाबांच्या खात्यातून मोठी रक्कम गेली. कंपनी म्हणते लॉगिन त्यांच्याच फोनवरून, त्यांच्याच नेटवर्कवरून, ओटीपीही त्यांनीच टाकला, म्हणजे फ्रॉड नाही. बाबा म्हणतात कस्टमर केअरचा म्हणून फोन होता, तो सांगेल तसं करत गेले, एक अ‍ॅपपण टाकायला लावलं. बाबा आता कुणाशी बोलत नाहीत.

उत्तर: तुमचं पत्र शेवटी ठेवलं कारण त्याचं उत्तर सगळ्यात अवघड आहे.

कंपनी लॉगिनबद्दल खरं बोलतेय. लॉगिन खरंच स्वच्छ आहे, मालक स्वतःच आत आला. पण लॉगिन स्वच्छ म्हणजे सेशन स्वच्छ असं नाही, आणि त्यांनी नुसतं दारातलं रजिस्टर बघून केस बंद केलीय. अशा सेशनमध्ये आत खुणा असतात. एरवी दोन मिनिटांत उरकणारा माणूस पाऊण तास आत असतो. मध्ये लांब थांबे, कारण पलीकडचा सांगतोय आणि हा ऐकतोय. त्याच वेळी फोनवर कॉल चालू, बऱ्याच अ‍ॅपना तेवढं कळतं. स्क्रीन शेअर किंवा रिमोट कंट्रोलचं अ‍ॅप चालू, तेही पुष्कळ सॉफ्टवेअरना ओळखता येतं. आधी मर्यादा वाढवली, मग कधीही न पाठवलेल्या नव्या नावाला पैसे, मग पुन्हा, मग पुन्हा. एकेक बघितलं तर काहीच नाही, ओळीने ठेवलं तर डोळ्यात भरतं.

म्हणून त्यांना लेखी कळवा आणि नेमकं मागा: त्या सेशनचा पूर्ण तपशील तपासा, किती वेळ चाललं, त्या वेळी कॉल चालू होता का, रिमोट अ‍ॅप दिसलं का, मर्यादा कधी वाढवली, ज्याला पैसे गेले ते नाव कधी जोडलं, आणि मागच्या तीन महिन्यांच्या सेशन्सशी हे जुळतं का. 'फ्रॉड झाला' असं मोघम लिहिलं की मोघम उत्तर येतं. पैसे परत मिळतीलच असं मी सांगू शकत नाही, ते जिथल्या तिथल्या नियमांवर आहे, पण पोलिसांकडे अजून गेला नसाल तर आजच जा, पैसे पुढे सरकायच्या आत अडवले जाण्याची शक्यता तासातासाने कमी होते.

बाबांच्या फोनमधली कॉल हिस्टरी पुसू देऊ नका. तो कॉल कधी सुरू झाला, कधी संपला ते लिहून घ्या, स्क्रीनशॉट काढा, आणि पैसे गेल्याचे मेसेज त्याच कागदावर वेळेप्रमाणे शेजारी लिहा. हा एक कागद मी बघितलेल्या अर्ध्याअधिक केसेसमध्ये कुणी आणलेलाच नसायचा. तो बाबांनाच बनवायला बसवा तुमच्याबरोबर, त्यांना सगळं मिनिटामिनिटाने आठवत असतं, फक्त आजवर कुणी न ओरडता विचारलेलं नसतं. आणि ते अ‍ॅप अजून फोनमध्ये आहे का बघा. असेल तर आधी त्याच्या नावाचा आणि परवानग्यांचा फोटो काढा, मग नेट बंद करून ते काढून टाका.